लशीतला उंट

माझी नोकरी नेमकी काय होती, असं कुणी विचारलं की मी अजूनही गडबडते. ‘क्लिनिकल ट्रायल कोऑर्डिनेटर’ म्हटलं की समोरचा माणूस ‘अच्छा, अच्छा’ म्हणतो आणि पावसापाण्याचं बोलायला लागतो. आमच्या सासूबाई हैदराबादेतल्या आमच्या नल्लकुंट्याच्या अख्ख्या गल्लीला सांगायच्या, “आमची शैला दवाखान्यात लोकांच्या सह्या घेते.” तेव्हा माझं डोकं फिरायचं. एमएस्सी बायोकेमिस्ट्री केलेल्या सुनेबद्दल असं बोलतात का? आता निवृत्त झाल्यावर वाटतं, सगळ्यांत त्यांनीच बरोबर सांगितलं होतं.

नवीन औषध आलं की ते आधी काही माणसांवर तपासून बघावं लागतं. ती माणसं स्वखुशीनं यावी लागतात. त्यांच्यासमोर बसून या औषधात काय आहे, काय होऊ शकतं, काय होणारही नाही, हे सगळं त्यांच्या भाषेत सांगायचं आणि त्यांची सही घ्यायची, हे माझं काम. त्यातला अवघड भाग असा, की समजावून सांगायचं पण पटवायचं नाही. ‘घ्या हो’ म्हणायचं नाही, ‘कशाला घेता’ असंही म्हणायचं नाही. आता मला सांगा, मराठी बाईनं स्वतःचं मत न देता कुणासमोर तासभर बसायचं म्हणजे शिक्षा नाही तर काय? घरी मी भाजीवाल्यालासुद्धा मत देते. दवाखान्यात मात्र जन्मभर तोंडाला कुलूप.

या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, सोपं करून लिहा, लोकांना कळलं पाहिजे. मी प्रयत्न करते. पण ज्या गोष्टीबद्दल लिहितेय ती मलाच पूर्ण कळलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे नंतर माझ्या नावानं बोटं मोडायला नकोत.

दवाखान्यात येण्याआधी मी कुकटपल्लीच्या एका प्रयोगशाळेत होते. तिथं मी ते पहिल्यांदा पाहिलं. काचेच्या छोट्या बाटलीत धुण्याच्या निळीच्या शेवटच्या पाण्यासारखं फिकट निळं काहीतरी. आमचे साहेब म्हणाले, “हे रक्त आहे.” मला वाटलं, थट्टा करताहेत. पण खरंच रक्त होतं ते, म्हणजे रक्तातलं एक प्रोटीन होतं. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्रातल्या खडकांना चिकटून राहणारी एक गोगलगाय असते. तिच्या पाठीवर टोपीसारखा शिंपला असतो आणि शिंपल्याला वरच्या बाजूला जुन्या कुलपाला किल्लीसाठी असतं तसं भोक असतं. आपल्या रक्तात लोह असतं म्हणून ते लाल दिसतं. तिच्या रक्तात तांबं असतं, त्यामुळे हवा लागली की ते निळं होतं. लोक तिला पाण्यातून काढतात, थोडं रक्त घेतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. ती मरत नाही. हे एवढं नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या निळ्या पाण्याची आमच्याकडे भारी बडदास्त. एकदा आमच्यातल्या एका सहकाऱ्यानं काळजीपोटी ती बाटली थेट बर्फाच्या कप्प्यात ठेवली. त्याचा हिशेब सरळ होता, वस्तू जितकी महाग तितकी जास्त थंड ठेवायची. सकाळी बघतो तर दुधात लिंबू पिळल्यासारख्या गुठळ्या. साहेब तेलुगूत जे काही बोलले ते मला अर्धंच कळलं, पण तेवढं पुरे होतं. गोठवलं की ते प्रोटीन बिघडतं, ही गोष्ट मी त्या दिवशी कायमची शिकले.

आता प्रश्न असा, की समुद्रातल्या गोगलगाईचा आणि कर्करोगाचा संबंध काय? तोच तर मला आयुष्यभर लोकांना सांगावा लागला. सुरुवातीला मी पुस्तकातलं बोलायचे, लोक जांभया द्यायचे. मग एके दिवशी मला उंट सापडला.

आपल्या अंगात राखण करणाऱ्या पेशी असतात. बाहेरचं काही घुसलं की त्या तुटून पडतात. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच घरातली, बिघडलेली. राखणदार तिला रोज बघतो, ओळखीचा चेहरा म्हणून सोडून देतो. तिच्या अंगावर काही खुणा असतात, पण त्या इतक्या बारीक की राखणदाराचं लक्षच जात नाही. मग शास्त्रज्ञांनी काय केलं, ती बारीक खूण घेतली आणि या गोगलगाईच्या प्रोटीनला चिकटवली. हे प्रोटीन आकारानं प्रचंड, आणि आपल्या अंगानं जन्मात न पाहिलेलं. नामपल्लीच्या मैदानावर हिवाळ्यात प्रदर्शन भरतं, तिथं उंट येतो. समजा तो उंट उद्या तुमच्या अपार्टमेंटच्या फाटकातून आत आला, तर वॉचमन दचकून उठेल की नाही? उठेल, शिट्टी मारेल, आणि उंटावर बसलेल्या माणसाकडेही नीट बघेल. पुढच्या वेळी तो माणूस पायी आला तरी वॉचमन म्हणेल, अरे, हा तर त्या दिवशीचा! बस, एवढीच युक्ती. म्हणून याला वाहक प्रोटीन म्हणतात. ओझं वाहून नेणारं.

हे लोकांना लगेच कळायचं. पंचाईत पुढं होती. आमच्या ट्रायलमध्ये दोन गट होते. एका गटाला खूण आणि वाहक दोन्ही, म्हणजे उंट आणि स्वार. दुसऱ्या गटाला नुसतं वाहक. कोणाला काय मिळतंय हे रुग्णाला माहीत नसायचं, डॉक्टरांना नसायचं, मलाही नसायचं. हे असं का, तर नुसत्या उंटानंच वॉचमन जागा होऊन फरक पडत असेल तर तेही कळायला हवं. शास्त्र म्हणून चोख. पण समोर बसलेल्या माणसाला ‘तुम्हाला कदाचित नुसता उंट मिळेल’ असं सांगायचं कामही माझंच.

माझ्याकडे आलेल्या माणसांत खादरभाई होते. जुन्या शहरातले, चहाचं हॉटेल चालवायचे. मोठ्या आतड्याचा कर्करोग, ऑपरेशन झालेलं, केमो संपलेलं. ट्रायल त्याच आजाराची होती. नेहमीचे उपचार संपल्यावर आजार परत येऊ नये म्हणून ही लस काही करते का, हे बघायचं होतं. मला ते बाजी म्हणायचे, म्हणजे ताई. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “बाजी, जानवर कू काटते क्या?”

“नै भाई, खून निकाल के वापस पानी में छोड देते.”

“हौ. और उस कू मालूम है क्या, अपन कू खून दे रई बोल के?”

अहो, लोकांच्या संमतीचा पगार घेणारी बाई मी, आणि हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी म्हटलं, बहुतेक नसावं माहीत. त्यांनी मान हलवली. “बिचारी,” म्हणाले, आणि सही केली. जाताना म्हणाले, पुढच्या खेपेला माझ्या हॉटेलची उस्मानिया बिस्किटं आणतो. दर खेपेला विसरायचे.

आता कौसल्याअक्का. खरं म्हणजे हा सगळा लेख त्यांच्यासाठीच लिहितेय.

अक्का नांदेडकडच्या, निजामाच्या काळात त्यांचं गाव हैदराबाद संस्थानातच होतं. शेतकरी घर. नवरा इथं नोकरीला लागला, तेव्हापासून कुकटपल्लीत. नवरा वारला, मुलगा विनायक कॉम्प्युटर कंपनीत, सून मृणाल पुण्याची. अक्कांना खादरभाईंचाच आजार, ऑपरेशन आणि केमो झालेलं. तिघं पहिल्यांदा माझ्यासमोर बसले तेव्हा विनायक नुसता घड्याळ बघत होता, मृणाल प्रश्न लिहून घेऊन आली होती, आणि अक्का माझ्या साडीकडे बघत होत्या. मराठी बोलणारी कोऑर्डिनेटर मिळाली म्हणून खूश होत्या. “कुठली गं तू? नल्लकुंट्याची? मग तर आपलीच.”

संमतीपत्राचं मराठी भाषांतर कुठल्याशा एजन्सीनं केलेलं. त्यात लिहिलं होतं, ‘सागरी मृदुकाय प्राण्यापासून प्राप्त वाहक प्रथिन’. विनायकला मराठी वाचता येत नाही, शाळा इथली. मृणालनं मोठ्यानं वाचून दाखवलं. अक्का म्हणाल्या, “हे कोणाचं नाव आहे?” मी कागद बाजूला ठेवला आणि गोगलगाय सांगायला घेतली.

“थांब,” अक्का म्हणाल्या. “कुठली म्हणलीस? समुद्रातली?”

“हो.”

“पाण्यातली? जित्ती?”

“हो अक्का.”

त्यांचा चेहरा एकदम उतरला. पदर सावरत त्या उठल्याच. “मग नक्को.”

विनायक चिडला. “आई, नक्को काय? किती दिवस नंबर लावून बसलोय आपण!”

मग कळलं. काशीला गेलं की आवडीचं काहीतरी सोडून यायचं असतं, आणि सोडलं की पुन्हा जन्मभर शिवायचं नसतं. विनायक कॉलेजात असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. अक्कांनी नवस बोलला, पोरगं उठू दे, काशीला येईन. पोरगं उठलं. अक्का काशीला गेल्या आणि गंगेत उभं राहून पाण्यातलं सगळं सोडून आल्या. मासे, कोळंबी, खेकडा, जे जे पाण्यात जगतं ते. आता ते अंगात घेतलं तर पोराचं काय होईल, ही त्यांची भीती. स्वतःच्या जिवाची नव्हे, पोराच्या जिवाची. तो पोरगा पोट सुटलेला, केस पिकायला लागलेला, समोर बसून घड्याळ बघत होता.

मृणाल शांतपणे म्हणाली, “आई, हे खाणं नाहीये. इंजेक्शन आहे.”

“अगं, तोंडातून गेलं काय अन् दंडातून गेलं काय, मपल्याच अंगात जाणार ना?”

मृणालनं माझ्याकडे बघितलं. शास्त्राच्या दृष्टीनं अक्का बरोबर होत्या. तसं मी म्हटलंही, आणि मृणालनं माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका.

विनायक मला कॉरिडॉरमध्ये गाठायला आला. “ताई, तुम्ही ते समुद्राचं सांगितलंच नसतं तर? ती कुठं वाचणार होती?”

मी भडकले. “विनायक, तेवढंच सांगायचा मला पगार मिळतो.”

तो बाकावर बसला आणि रडायला लागला. मोठा माणूस असा हुंदके द्यायला लागला की आपण कुठं बघायचं कळत नाही. म्हणाला, “डॉक्टर म्हणालेत, आता फक्त वाट बघायची. आजार परत येतो की नाही येतो. ती रोज उठून वाट बघणार, ताई. निदान काहीतरी करतोय असं तरी झालं असतं.” मला आतून ओरडून सांगावंसं वाटलं, जा, आईला दोन शब्द सुनाव आणि सही करून आण. मी त्याच्यासाठी चहा मागवला. माझ्या हातात तेवढंच होतं.

घरच्यांनी गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, औषधाला दोष नाही. झालं, वाटलं सुटलो. अक्कांनी गुरुजींनाच उडवून लावलं. “सोडायला तुम्ही सांगितलं नव्हतं, मग धरायला कामून सांगायलात? म्या गंगेपुढं सोडलंय.”

पुढच्या आठवड्यात त्या एकट्याच रिक्षानं माझ्याकडे आल्या. खुर्ची ओढून अगदी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या.

“ती मरते का गं?”

“नाही अक्का. रक्त देते आणि परत पाण्यात जाते.”

“अन् ते तू म्हणलीस दोन गट. म्हंजी मला नुसता उंट बी मिळू शकतो?”

“हो.”

“खालीपीली उंट!” त्या हसल्या. मग हसू गेलं. “तू सांग. तुझी माय असती तर तिला काय म्हणली असतीस?”

हा प्रश्न मला सगळे विचारतात. त्याचं उत्तर माझं पाठ होतं. “अक्का, ते मला सांगता येत नाही. तुम्हीच ठरवायचं.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मला त्या बघण्याचा अर्थ लागला नाही. मग “हौ, नको सांगूस” म्हणून उठल्या.

आणि दोन दिवसांनी फोन आला, येते म्हणून.

आमच्याकडे संमतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करावं लागायचं. रुग्णानं कॅमेऱ्यासमोर, त्याला काय समजलं ते स्वतःच्या शब्दांत बोलायचं. छोटी खोली, आणि पंख्याचा आवाज टेपवर येतो म्हणून पंखा बंद. घामानं सगळ्यांचा जीव जायचा. अक्का समोर बसल्या, बाजूला विनायक, मृणाल, साक्षीदार, कॅमेऱ्यामागं आमचा टेक्निशियन.

अक्कांनी सगळं बरोबर सांगितलं. गोगलगाय, निळं रक्त, खूण, उंट, दोन गट. डॉक्टरांना पण माहीत नसतंय, हेही. मी मनातल्या मनात शाबास म्हटलं. “मग तुम्ही भाग घेणार का?” मी नियमाप्रमाणे विचारलं.

“घेणार. पण आधी एक सांगते. म्या काशीला लबाडी केली.”

विनायक चमकला. “आई?”

“मासे मला कधी गोडच लागले नाहीत. वासानंच मळमळायचं. आमच्या संगं आलेल्या बाया कारलं सोडायल्या होत्या, म्या मासे सोडले. गंगामायला काय कळत नाही का? आवडीचं सोडायचं असतंय. मला आवडतंय मटण. ते माझ्यानं सोडवलं नाही. पोरासाठी सुद्धा सोडवलं नाही. आता हे पाण्यातलं अंगात घेते, अन् मटण सोडते. आज खरं सोडते. पोराला काय होऊ देऊ नको.”

त्या कॅमेऱ्याकडे बघून हात जोडत होत्या. विनायकच्या घरचं रविवारचं मटण, खोबरं भाजून केलेलं, त्याच्या ऑफिसात प्रसिद्ध होतं म्हणे. तो “आई, नको ना गं” एवढंच म्हणाला. टेक्निशियन कॅमेरा बंद करायचं विसरला. मी पदरानं कपाळ पुसलं आणि डोळेही त्यातच पुसून घेतले. अशा संमतीला काय म्हणायचं, हे कुठल्याच प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. सही मात्र नियमात बसत होती.

इंजेक्शनं सुरू झाली. अक्कांचा दंड पुरीसारखा टम्म फुगायचा, लाल व्हायचा, आणि त्या आनंदानं मला बाही वर करून दाखवायच्या. “पोचला बघ उंट!” मी म्हणायचे, “अक्का, सूज दोन्ही गटांत येते.” “हौ हौ, तुला तसंच म्हणावं लागतंय,” आणि डोळा मारायच्या. खादरभाईंच्या दंडावर मात्र जेमतेम मुंगी चावल्यासारखं दिसायचं. ते खट्टू व्हायचे. मी त्यांनाही तेच सांगायचे, यावरून काही ठरत नाही म्हणून.

खादरभाईंचा आजार परत आला. पोटात पसरला. ट्रायल चालू असतानाच ते गेले. काही दिवसांनी त्यांचा थोरला मुलगा दवाखान्यात आला, हातात बिस्किटांचा डबा. “अब्बा बोल के गए थे,” म्हणाला. मी डबा घेतला, टेबलावर ठेवला आणि कामाला लागले. दुपारी सगळ्यांनी बिस्किटं खाल्ली, मी नाही.

मग ट्रायल थांबवली. वरून निरोप आला, दोन्ही गटांत फरक दिसत नाही. स्वार असो नसो, सारखंच. आणि कोणाला काय मिळालं होतं ते उघड झालं.

खादरभाईंना उंट आणि स्वार दोन्ही मिळाले होते. अक्कांना नुसता उंट.

मी तो दिवस कसा काढला माहीत नाही. खादरभाई गेले, अक्का ठणठणीत. याचा अर्थ काय? डॉक्टरसाहेब म्हणाले, एकेका माणसावरून अर्थ काढायचा नसतो. बरोबर आहे. मीही हेच लोकांना सांगत आले. पण मला तर एकेकच माणूस भेटला होता ना! मला गट कधी भेटलेच नाहीत.

रुग्णांना फोनवर कळवायचं होतं. अक्कांना फोनवर सांगणं मला जमलं नाही. रविवारी उठून कुकटपल्लीला गेले. जिना चढतानाच मटणाचा वास आला आणि मला वाटलं, चला, मोडलं वाटतं व्रत, बरं झालं. आत गेले तर अक्का ओट्याशी उभ्या, पातेलं ढवळताहेत, आणि मृणाल चमच्यात रस्सा घेऊन मीठ बघून सांगतेय. स्वतः करायच्या, सगळ्यांना वाढायच्या, चवही घ्यायच्या नाहीत. स्वतःच्या ताटात वरण आणि ज्वारीची भाकरी.

मी सांगितलं. आडवळणं न घेता सांगितलं.

“म्हंजी नुसताच उंट?” अक्का म्हणाल्या.

“हो अक्का.”

“अन् ज्यांना सगळं मिळालं, ते तरी बरे हायेत ना?”

“दोन्हीकडे सारखंच आहे.”

त्यांनी गॅस बारीक केला. खाली बसल्या. “मग मी कामून बरी हाय?”

“माहीत नाही. ऑपरेशन चांगलं झालं, केमो लागू पडलं. कदाचित.”

“म्हंजी मटण सोडलं म्हणून.”

विनायक माझ्याकडे बघायला लागला, मृणाल माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “अक्का, तसं म्हणता येत नाही.”

“मग तसं नाही, असं म्हणता येतंय का?”

अरे देवा! एका माणसावरून तेही म्हणता येत नाही. मृणाल म्हणाली, “आई, आता तरी खा ना. औषधच नव्हतं त्यात.” अक्का म्हणाल्या, “औषध नव्हतं, गोगलगाय तर होती ना. घेतली ती घेतली.” मला त्यांनी बळेच जेवायला बसवलं. मटण खरंच फार सुरेख झालं होतं आणि मला ते खाताना चोरी केल्यासारखं वाटत होतं. फसवलं म्हणून त्या एकदा तरी माझ्यावर ओरडल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. त्यांनी मला जाताना डबा बांधून दिला.

लोक मला विचारतात, मग हे निळं प्रकरण फुकटच गेलं का? तसंही नाही. आता डॉक्टर रुग्णाच्याच रक्तातून राखणदार पेशी काढतात, बाहेर त्यांना कर्करोगाची खूण ओळखायला शिकवतात, सोबत हेच गोगलगाईचं प्रोटीन देतात म्हणजे त्या खडबडून जाग्या होतात, आणि मग परत अंगात सोडतात. कुणाच्या अंगातली राखण किती जागी आहे हे तपासायलाही ते वापरतात. काही ठिकाणी आशा वाटावी असं काही दिसतं, काही ठिकाणी पुन्हा काहीच नाही. मी वाचत असते. एकदा वाचून वाटतं, कळलं. दुसऱ्यांदा वाचलं की वाटतं, छे, काही कळलेलं नाही.

मी निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली, भाषणं झाली, ‘शैलाताईंनी कधीच रुग्णावर दबाव आणला नाही’ असं एक डॉक्टर म्हणाले. टाळ्या वाजल्या. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? घरी येताना मात्र कॉरिडॉरमधला तो बाक डोळ्यांपुढून जाईना.

गेल्या महिन्यात अक्कांचा फोन आला. एवढ्या वर्षांनी आजार परत आलाय. यकृतावर डाग दिसतोय. ऑपरेशन होण्यासारखं नाही म्हणाले. दुसऱ्या एका दवाखान्यात पेशींची लस करताहेत, त्यात पुन्हा तेच निळं प्रोटीन. अक्कांनी तिथल्या डॉक्टरांना सांगितलं, म्या हे पूर्वी घेतलंय. ते म्हणाले, त्यानं फायदा होईल की तोटा, ते आम्हालाही बघायचंय.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. अक्का खूप वाळल्या आहेत. विनायक ऑफिसला न जाता घरीच होता, पण आतल्या खोलीत. त्याला आमच्या मध्ये बसवत नसावं. अक्कांनी मला पलंगावर स्वतःजवळ बसवून घेतलं आणि माझा हात हातात धरला.

“शैला, आता तू नोकरीत नाहीस.”

“नाही अक्का.”

“आता तुला कोणी रागवणार नाही. मग आता सांग. घेऊ का नको?”

मला कुणी अडवणारं नव्हतं. कॅमेरा नव्हता, साक्षीदार नव्हता. जन्मभर गिळलेलं मत आता एकदाचं देऊन टाकायचं होतं. मी तोंड उघडलं, आणि आत मत नव्हतंच. ‘घ्या’ म्हणायला गेले तर खादरभाई आठवले. ‘नको’ म्हणायला गेले तर बाकावरचा विनायक. मी आत शोधत राहिले, आणि अक्का वाट बघत राहिल्या.

“अक्का,” मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं, “मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी खुर्ची ओढून बसल्या होत्या, तेव्हाचंच बघणं. आणि एकदम त्यांचा चेहरा सैल पडला.

“खरंच माहीत नाही?”

“नाही.”

“तेव्हा बी नव्हतं?”

“तेव्हाही नव्हतं.”

“अगं बया,” अक्का म्हणाल्या आणि पदरानं माझे डोळे पुसायला लागल्या, “अन् म्या इतकी वर्षं समजत होते, तुला ठाऊक हाय अन् तू सांगत नाहीस. किती राग धरला होता गं तुझ्यावर मनात.” मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली. “विन्या, त्या दवाखान्यात उद्याचा टाइम घे. शैला बी येणार हाय संगं.”